पाहुण्याचे ऋण

दान कोणी द्यावे, कोणाला द्यावे आणि केव्हा द्यावे याचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगून देश, काल आणि पात्र यांची कसोटी घालून दिली आहे. परंतु या साऱ्या विचारात एक प्रश्न काहीसा बाजूला राहिला, असे मला वाटते. ज्याला आपण देतो त्याला आपले देणे हवे आहे का, हे त्याला विचारायचे की नाही? आणि विचारायचे, तर कोणत्या भाषेत?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका सोळा वर्षांच्या मुलाच्या पत्रातून. त्याची आई पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती. बेळगावच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातली ही मुलगी लग्नानंतर अमेरिकेत गेली आणि तिथेच स्थायिक झाली. दर दिवाळीला तिचा फोन येतो, नाताळात मी करतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिच्या मुलाचे इंग्रजी पत्र ई-मेलने आले. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या चर्चची वीस जणांची तुकडी मध्य अमेरिकेतील होंडुरास या देशात जाणार होती. दहा दिवसांत एका गरीब कुटुंबाला सिमेंटच्या ब्लॉकचे घर बांधून द्यायचे आणि संध्याकाळी वस्तीतील मुलांना बायबलमधील गोष्टी सांगायच्या, असा कार्यक्रम होता. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा खर्च स्वतः उभा करायचा. त्यासाठी नातेवाइकांना आणि परिचितांना पत्रे लिहून प्रार्थना आणि पैसा मागायचा, ही तिकडची रूढ पद्धत आहे. तसे ते पत्र होते.

पाठोपाठ आईचा निरोप आला. "सर, पैशांचे राहू द्या. पण त्याला चार ओळी लिहा. मी काही म्हटले की आईची काळजी म्हणून तो सोडून देतो. खरे सांगू का, तो जातो आहे हे चांगले की नाही, हेच मला ठरवता येत नाही."

शिक्षकाला असे विचारले गेले की हो किंवा नाही म्हणून सुटका होत नाही. पैसे द्यायचे का, हा छोटा प्रश्न होता. त्या मुलाला काय सांगायचे, हा मोठा.

स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा एका सहकाऱ्याने सरळच विचारले, "सर, धर्मप्रसाराला आपला पैसा कशाला?" शंका अप्रामाणिक नव्हती, म्हणून तिचा विचार आधी केला. मुलाच्या पत्रात लपवाछपवी नव्हती. आम्ही येशूविषयी बोलणार आहोत, असे त्याने स्वच्छ लिहिले होते. पण तो जिथे जाणार होता, तो देश सोळाव्या शतकात स्पेनच्या सत्तेखाली गेला, तेव्हापासून ख्रिस्ती आहे. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट हा पंथभेद आहेच. तरी त्या मुलांना हा ज्या गोष्टी सांगणार, त्यांपैकी बहुतेक त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेल्या असणार. आळंदीला जाऊन हरिपाठ शिकवण्यापैकीच तो प्रकार. शिवाय माझ्या या विद्यार्थिनीच्या घरी लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' जितक्या जिव्हाळ्याने वाचले जाई, तितक्याच जिव्हाळ्याने ती वर्गात ज्ञानेश्वरांच्या ओव्या म्हणत असे. तिच्या घरची श्रद्धा ही तिच्या घरची गोष्ट आहे. धर्मांतराचा मुद्दा असा बाजूला ठेवला, तरी प्रश्न संपत नाही. उलट तो अधिक उघडा होतो. धर्म कोणताही असो, दहा दिवस परक्या गावात जाऊन जे केले जाते, त्याला सेवा म्हणायचे का?

* * *

या प्रवासाचा इतिहास आपल्यापासून फार दूरचा नाही. १८०६ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले, तिथे त्यांनी प्रार्थना केली आणि परदेशी जाऊन धर्मकार्य करण्याचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. अमेरिकेतील परदेशी मिशनची सुरुवात या प्रसंगापासून सांगतात. १८१० मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल आणि त्याचा सोबती सॅम्युएल नॉट १८१२ च्या फेब्रुवारीत निघाले, ते १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणून जे काम ओळखले गेले, त्याची ही सुरुवात. हॉल मराठी शिकला, बायबलच्या मराठी भाषांतराला त्याने हात घातला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या फिरतीत पटकीने गेला.

आमच्या भागाला अधिक ओळखीचे उदाहरण मिरजेचे. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले आणि १९२८ पर्यंत ते तिथे राबले. दुखणे हाताबाहेर गेले की 'मिरजेला न्या' असे बेळगावच्या घराघरांतून म्हटले जाई, त्यामागे ही सारी वर्षे आहेत. आणि हा ओघ एकाच दिशेने वाहिला असेही नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते चिनी भाषा शिकले, तिथेच संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले.

या सर्वांची मते आपल्याला पटतीलच असे नाही. पण त्यांच्या आयुष्यात एक सक्ती होती. वर्षभराच्या वाटेने आलेला माणूस दहा दिवसांत परतू शकत नाही. दूध कुठे मिळते, ताप आल्यावर कोणाला हाक मारायची, हे त्याला त्या गावाच्या भाषेतच विचारावे लागते. देण्याआधी त्याला मागावे लागते.

विमानाने ही सक्ती काढून घेतली. १९५७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर हा अमेरिकन कॉलेज विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन, जुन्या ट्रकमध्ये स्पॅनिश पुस्तिका भरून, मेक्सिकोत गेला. सुटीत जाऊन सुटी संपताच परतायचे, अशा मोहिमांच्या आरंभीच्या उदाहरणांत हे एक. पुढे ही रीत इतकी फोफावली, की २००५ सालच्या एका पाहणीवरून रॉबर्ट वुथनाऊ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने असा अंदाज काढला, की चर्चमध्ये जाणारे सुमारे १६ लाख प्रौढ अमेरिकन दरवर्षी अशा छोट्या मोहिमांवर परदेशी जातात. शाळकरी मुले त्यांखेरीज.

* * *

होंडुरासपुरतेच बोलायचे, तर तिथली एक पाहणी या बाबतीत डोळे उघडणारी आहे. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर 'मिच' नावाच्या चक्रीवादळाने तो देश उद्ध्वस्त केला. हजारो घरे वाहून गेली. घरे बांधायला उत्तर अमेरिकेतील चर्चच्या तुकड्या आल्या, तशाच तिथल्या स्थानिक ख्रिस्ती संस्थांनीही घरे बांधली. त्या देशात दीर्घकाळ राहिलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी दोन्ही प्रकारच्या घरांतील कुटुंबांशी बोलून २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाहुण्यांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यात आणि गावच्या माणसांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यात त्यांना फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो खर्चात. स्थानिक संस्थेला एक घर सुमारे २००० डॉलरमध्ये पडत होते. पाहुण्यांच्या तुकडीचा प्रवासासह खर्च सुमारे ३०,००० डॉलर होता. एका घरासाठी पंधरा घरांचे पैसे.

यावर नेहमीचे उत्तर असे, की या प्रवासाने तरुणाचे मन बदलते आणि तो जन्मभर देत राहतो. व्हर बीक यांनी तेही तपासले. परतल्यानंतर या माणसांच्या दानधर्मात मोठा, टिकाऊ बदल झाल्याचे त्यांना दिसले नाही.

दुसरी हकीगत टांझानियाची. पिप्पा बिडल या अमेरिकन तरुणीने २०१४ साली आपल्या शाळकरी वयातील सहलीविषयी लिहिले. तिच्या शाळेच्या मुली एका अनाथालयात वाचनालय बांधायला गेल्या होत्या. दिवसभर त्या विटा रचत. रात्री गावचे गवंडी येऊन त्यांनी रचलेल्या कच्च्या भिंती उतरवत आणि पुन्हा नीट बांधत, म्हणजे सकाळी मुलींना आपले अपयश कळू नये. ही सहल धार्मिक नव्हती. म्हणूनच ती इथे सांगतो. प्रश्न क्रुसाचा नाही, थापीचा आहे. ज्याच्या हाताला थापी धरायची सवय आहे, त्याला रात्रपाळी करावी लागली.

मला त्या गवंड्यांचे फार वाटते. त्यांनी त्या मुलींना नावे ठेवली नाहीत. पाहुण्याला लाज वाटू नये, म्हणून त्यांनी झोपमोड केली. त्या गावात खरी सेवा त्या रात्री कोण कोणाची करत होते?

या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर एका धर्मगुरूनेच दिले आहे. इव्हान इलिच हे व्हिएन्नात जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू. मेक्सिकोत कुएर्नावाका येथे त्यांची संस्था होती. उन्हाळ्यात मेक्सिकोतील खेड्यांत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे एप्रिल १९६८ मध्ये त्यांचे भाषण झाले. या मुलांच्या सद्हेतूंविषयी त्यांना शंका नव्हती; सद्हेतू पुरेसे आहेत ही समजूतच त्यांना घातक वाटत होती. खेड्यातील लोक तुम्हांला हसले किंवा तुमच्यावर रागावले, तरी ते तुम्हांला कळणारसुद्धा नाही, कारण तुम्हांला त्यांची भाषा येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. प्रवासी म्हणून या, शिकायला या, पण मदत करण्याची ऐट सोडून द्या, हा त्यांचा सल्ला.

सीमाभागात राहणाऱ्या आपणांस हा भाषेचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. आपल्या भल्यासाठी आलेला, पण आपली भाषा न समजणारा माणूस समोर बसला म्हणजे काय होते, हे आपण एखाद्या कचेरीत किंवा एखाद्या सभेत अनुभवलेले आहे. तो वाईट नसतो. पण आपण बोलतो त्यातले अर्धेच त्याच्यापर्यंत पोचते, आणि जे पोचत नाही, तेच नेमके महत्त्वाचे असते.

* * *

मग जाऊच नये का? इलिच यांच्या बोलण्याने मी हललो, तरी त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकलो नाही. तीस वर्षांहून अधिक काळ मुलांमध्ये काढल्यावर मला एवढे ठाऊक आहे, की सोळाव्या वर्षी परके घर आतून पाहणे ही फार मोठी गोष्ट असते. पुस्तकातून ती येत नाही. शिवाय आलेल्या माणसाची किंमत फक्त त्याने बांधलेल्या भिंतीवर ठरत नाही. संकटात कोणी दुरून आपल्या दारात आले, याचाही धीर असतो. आपल्याकडे मयताच्या घरी माणसे जातात ती काही बांधायला जात नाहीत.

थोडे दिवस राहणे वाईट आणि जास्त दिवस राहणे चांगले, असा सोपा हिशेबही मांडता येत नाही. गोव्याकडे पाहावे. पोर्तुगीज सत्ता तिथे साडेचारशे वर्षे राहिली. पण १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली, तेव्हा कोणी कोणाला विचारले नव्हते. त्याच सत्तेच्या आश्रयाने १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट तिथे आला, चाळीस वर्षे राहिला, कोकणीचे व्याकरण रचले आणि १६१६ साली त्याचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापले गेले. ज्या साष्टीत देवळे पडली, तिथेच हा ग्रंथ घडला. पाडणारा आणि लिहिणारा एकाच झेंड्याखाली होते. फरक एवढाच, की लिहिणाऱ्याला आधी इथल्या ओवीपुढे विद्यार्थी होऊन बसावे लागले.

म्हणजे मोजायचे असेल तर दिवस मोजून उपयोग नाही. तिथे गेल्यावर विद्यार्थी कोण आणि गुरू कोण, हे पाहावे लागेल.

आपण स्वतः काय करतो, हेही पाहिले पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा एकदमच कोपल्या, तेव्हा आमच्या शाळेचे चार वर्ग आम्ही पूरग्रस्तांसाठी उघडले होते. मोठ्या शहरांतून मदतीचे टेम्पो येऊ लागले. तांदूळ, डाळ, औषधे आली, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण कपड्यांचे ढीगही आले. फाटक्या साड्या, एकेकटे बूट, लग्नातले कोट. एक म्हातारी तीन दिवस त्या ढिगाकडे नुसती पाहत होती. दोनदा तिच्या हातात साडी देऊन फोटो काढला गेला. तिसऱ्या दिवशी आमच्या शिपायाने तिला कन्नडमध्ये विचारले, "अज्जी, तुला काय पाहिजे?" तिला खराटा आणि बादली पाहिजे होती. घरात गुडघाभर गाळ होता आणि तो काढल्याशिवाय तिला झोप येत नव्हती. तीस-चाळीस मैलांवरून आलेल्या आपल्याच माणसांना हे कळले नाही, कारण विचारण्याची भाषा फक्त शिपायाकडे होती. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. आपल्या संतांनी काही वेगळे सांगितलेले नाही. फोटो काढण्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचे भक्त सारखेच.

चांगले उदाहरणही आपल्याकडे आहे. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांची उन्हाळी छावणी सुरू केली. त्या छावणीचे नाव 'श्रमसंस्कार छावणी'. नाव लक्षपूर्वक वाचावे. त्यात सेवा हा शब्द नाही. श्रम तुम्ही करायचे आणि संस्कारही तुमच्यावरच व्हायचा. तिथे जाणारा मुलगा आपण कोणाचा उद्धार करायला निघालो, असे त्या नावाच्या आधारे तरी म्हणू शकत नाही.

मला वाटते, साऱ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. दहा दिवसांच्या प्रवासाला सेवा म्हटले, की जाणारा देणारा ठरतो आणि गाव घेणारे. त्यालाच शिक्षण म्हटले, की हिशेब उलटतो. शिकणारा हा मुलगा, शिकवणारे ते गाव, आणि शिकवणी फुकट. 'शतपथ ब्राह्मणा'त माणसावरची ऋणे चार सांगितली आहेत. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन आपण ऐकलेली असतात. चौथे मनुष्यऋण सहसा विसरले जाते. माणसांचे हे ऋण फेडायचे ते आलेल्याला आसरा आणि अन्न देऊन. या दृष्टीने पाहिले, तर होंडुरासमधील त्या वस्तीने पाहुण्यांना जागा देऊन आपले ऋण फेडले. जो परतीच्या विमानात बसला, तो ऋण घेऊन बसला. त्याला हे कळले तर तो प्रवास सत्कारणी लागला. कळले नाही, आणि आपण काही देऊन आलो अशा समाधानात तो राहिला, तर कर्ज बुडवून आल्यासारखे झाले.

* * *

मी त्या मुलाला पैसे पाठवले. त्याचा मामा बेळगावातच असतो. त्याच्याकडे पाच हजार रुपये दिले. सोबत पत्र लिहिले आणि त्यात तीन गोष्टी मागितल्या. पहिली, जाण्याआधी एवढी स्पॅनिश शिकायची, की माणसाला त्याचे नाव विचारता यावे आणि 'मी काय करू?' असे विचारता यावे. दुसरी, ज्या मुलाचे नाव माहीत नाही आणि ज्याच्या घरच्यांना विचारलेले नाही, त्याच्याबरोबर फोटो काढायचा नाही. तिसरी गोष्ट आपल्या दिवाळीची. त्याची आई लहानपणी शेजारच्या दुकानदाराकडे वहीपूजनाला जात असे, तिला आठवत असेल. तशी एक वही कर, एका पानावर जमा, समोरच्या पानावर खर्च. तू दिलेस ते खर्चात लिही, तुला मिळाले ते जमेत. परत आल्यावर ज्यांना ज्यांना पैशांसाठी पत्र पाठवलेस, त्या सर्वांना ती दोन पाने पाठव.

ऑगस्टमध्ये ती पाने आली. खर्चाची बाजू थोडी होती. वाहिलेले ब्लॉक, भरलेल्या पाण्याच्या बादल्या, एक फुटबॉल, रात्री सांगितलेल्या तीन गोष्टी. जमेचे पान भरून मागे गेले होते. घरमालकाची आई रोज सकाळी सर्वांत आधी याला कॉफी देई. गवंड्याने ओळंबा धरायला शिकवला आणि एकदा याने रचलेली ओळ, काही न बोलता, याच्यासमोरच उतरवून पुन्हा याच्याकडूनच रचून घेतली. त्रेचाळीस नवे शब्द, सगळे लिहून काढलेले.

आणि तळाशी एक नोंद, जी कोणत्या पानावर लिहावी हे न कळल्याने त्याने दोन्ही पानांच्या मधल्या शिवणीवर लिहिली होती. गवंड्याच्या हाताखाली एरवी त्याचा पुतण्या काम करतो. तो याच्याच वयाचा. या वेळी हाताखाली वीस पाहुणे असल्याने त्याला काम नव्हते, म्हणून रोजही नव्हता. तरी तो रोज यायचा, ब्लॉकच्या थप्पीवर बसायचा आणि याला शब्द शिकवायचा. त्रेचाळीसपैकी बहुतेक शब्द त्याचेच. दहाव्या दिवशी याने मोडक्यातोडक्या भाषेत त्याला विचारले, की तुझ्या पगाराचे काय? तो नुसता हसला. "सर, हे मी कुठे लिहू?" असा प्रश्न करून पत्र संपले होते.

मी उत्तर लिहिले, की जमेला लिही आणि पुढे 'देणे बाकी' असा शेरा मार. त्यानंतर त्याने काय केले, ते त्याच्या आईने सांगितले. या वर्षी त्याने चर्चमधील मोठ्यांपुढे म्हणणे मांडले, की पुढच्या खेपेस वीसऐवजी पाच जणांनी जावे आणि वाचलेल्या तिकिटांच्या पैशांतून गवंडी आणि त्याच्या हाताखालच्या माणसांचा रोज द्यावा. पाच जण हाताखाली शिकतील. काहींना ते पटले, काहींना त्यात श्रद्धा कमी पडल्यासारखी वाटली. निर्णय अजून झालेला नाही. आई म्हणाली, "सर, तो आता शनिवारी एका दुकानात काम करतो आणि पैसे वेगळे ठेवतो. कशासाठी, ते मी विचारले नाही."

त्याने विचारलेला प्रश्न होंडुरासपुरता नाही. आमच्या नववीच्या मुलांचे श्रमदान शिबिर डिसेंबरमध्ये जवळच्या एका कन्नड खेड्यात व्हायचे आहे. मराठी शाळेतली मुले; काहींना कन्नड चांगले येते, काहींना बाजारापुरते. कामांची यादी दर वर्षी आम्ही शाळेत बसून करतो. रस्त्याची साफसफाई, भिंतींवर सुविचार, झाडे. यंदा शिबिरप्रमुखांना मी यादी कोरी ठेवायला सांगितली आहे. पहिल्या दिवशी फावडे उचलायचे नाही. प्रत्येक मुलाने एका घरी जेवायचे, त्या घरातील सर्वांची नावे आणि निदान वीस कन्नड शब्द वहीत लिहून आणायचे, आणि काय करू, हे त्यांच्या भाषेत विचारायचे. काम दुसऱ्या दिवशी गावकरी सांगतील. कदाचित ते म्हणतील, काही नको, बसा, भाकरी खा. तसे म्हणाले तर बसायचे आणि खायची. वहीत मात्र ती लिहून ठेवायची.